निळ्या पाटीवरच्या कोऱ्या रेघा

माझ्या पत्नीचा कर्करोग पोटभर पसरला आहे, हे आम्हाला हुबळीच्या एका रुग्णालयात कन्नडमध्ये सांगण्यात आले. ‘हरडिदे,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि कागदावर पोटाचा आकार काढून त्याच्या आतल्या अस्तरावर त्यांनी पेनाने ठिपके दिले. मी विचारले, पसरला हे कळले, पण कोणाच्या हुकमाने? बाईंना वाटले मला धक्का बसला आहे. त्यांनी मला पाणी आणवून दिले. मला धक्का बसलेला नव्हता. माझा उभा जन्म धारवाड-हुबळीच्या दिवाणी न्यायालयांत वकिली करण्यात गेला आहे. कोणाची भिंत पडली, कोणाचे कुंपण मोडले, तर हुकूम कोणी काढला, तो कोणावर बजावला गेला आणि प्रत्यक्ष कुदळ कोणी चालवली, हे विचारल्यावाचून मी कधी पुढे सरकलो नाही. माझ्या बायकोच्या पोटात एवढी तोडफोड व्हावी आणि तिला कोणीच जबाबदार नसावे, हे मी ऐकून घेणार नव्हतो.

पत्नी शेजारच्या खुर्चीत बसून त्या ठिपक्यांकडे बघत होती. रोग अंडाशयात सुरू झाला होता. परकराची नाडी पुरेनाशी झाली तेव्हा ती दाजीबानपेठेत जाऊन सैल गाऊन घेऊन आली होती आणि म्हातारपणी पोट सुटतेच म्हणून हसली होती. मग शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, औषधांच्या फेऱ्या झाल्या, आणि पोट पुन्हा भरू लागले. आता त्यात पाणी होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘अहो, त्या बाईंशी भांडू नका. चित्र चांगलं काढलं त्यांनी.’’

ती हुबळीच्या एका कन्नड शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. घरात मराठी, वर्गात कन्नड, आणि दोन्हींत तिचा एकच हट्ट: दाखवल्याशिवाय शिकवायचे नाही. ‘पुस्तकात आहे’ हे तिच्या वर्गात उत्तर म्हणून धरले जात नसे. आमची एकुलती एक मुलगी धारवाडच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते, आणि तिचा विषय नेमका हाच: कर्करोगाच्या पेशी ज्या विकरांच्या बळावर वाट कापत पुढे सरकतात, त्या विकरांवर हुकमत कोणाची. पत्नी त्यांना कन्नड पाठ्यपुस्तकाच्या सवयीने किण्व म्हणे, मुलगी एन्झाइम म्हणते, मी कोशात बघून विकर म्हणतो. हा विषय मुलीने आईच्या आजाराच्या पुष्कळ आधी घेतला होता, तोही केवळ त्या विषयावर शिष्यवृत्ती मिळत होती म्हणून. लोकांना हा योगायोग विलक्षण वाटतो. मला त्याची चीड येते.

त्या दुपारी मुलगी धारवाडहून आली आणि जेवणानंतर तिने आम्हा दोघांना सारे समजावून सांगितले. मी ते माझ्या शब्दांत मांडतो. पेशी मोकळ्या नसतात. त्यांच्याभोवती तंतूंची घट्ट विणलेली जाळी असते, आणि ती शाबूत आहे तोवर कर्करोगाच्या पेशीला जागचे हलता येत नाही. ही जाळी कापणारी विकरे शरीरात असतात, पण ती मोकाट सुटलेली नसतात. पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरून एक निरोप येतो. तो घेणारे प्रथिन आतल्या दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारते, ते तिसऱ्यावर, असे करत निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. तिथे त्या विकराचा जनुक उघडला जातो, विकर तयार होते आणि पेशीबाहेर धाडले जाते, तेही कुलूप लावून. बाहेर दुसरे एखादे विकर ते कुलूप काढते, तेव्हा कुठे कापाकापी सुरू होते. शिवाय त्यांना धरून ठेवणारी प्रथिने आहेत, ती निराळीच. निरोगी शरीरात हे सगळे मोजूनमापून चालते. कर्करोगात तो निरोप थांबत नाही.

मला धक्का बसला तो तेव्हा, कारण ही कार्यपद्धती मला तोंडपाठ होती. अर्ज, हुकूम, नकला, शिक्के, बजावणी, आणि शेवटी दाराशी येऊन उभा राहिलेला बेलिफ. माझ्या पत्नीच्या पोटात जे चालले होते त्याला मी अराजक समजत होतो. तिथे तर रीतसर अंमलबजावणी चालली होती.

मग बेलिफाला अडवा, मी म्हणालो, त्याच्यावर मनाई हुकूम आणा. मुलीने सांगितले की तशी औषधे माणसांवर करून पाहिली होती. रुग्णांचे सांधे धरले आणि त्यांचे आयुष्य मात्र वाढले नाही. हीच विकरे जखम भरून आणतात, हाडांची घडण सांभाळतात, आणि त्यांतली काही तर रोगालाच आवरून धरतात. सरसकट सगळ्यांना अडवणे अंगाशी आले, आणि अडवले तेही जाळी कापली गेल्यानंतर. मी टेबलावर हात आपटला. ताटातली शेंगाचटणी सांडली.

पत्नीने मुलीला विचारले, ‘‘तू हे रोज डोळ्यांनी बघतेस?’’

‘‘ते दिसत नाही, आई. त्यानं केलेलं काम दिसतं.’’

‘‘मग माझ्यातलं काम मला दाखव. जायच्या आधी मला ते बघायचंय.’’

मुलगी ‘बघू’ म्हणाली आणि ताटे उचलून आत गेली. तिची चाल मला जरा घाईची वाटली, पण मी तिकडे लक्ष दिले नाही, कारण माझ्या डोक्यात मसुदा सुरू झाला होता.

मी असा विचार केला: पत्नीला तिच्या शरीरातल्या विकराचे काम बघायचे आहे, त्यासाठी तिच्या रोगाचा तुकडा हवा, तो तुकडा रुग्णालयाच्या ताब्यात आहे. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तपासणीसाठी मेणात घालून ठेवतात, हे मला त्यांच्याच अहवालावरून ठाऊक होते. मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना पत्र लिहून त्या मेणाच्या वडीची मागणी केली. उत्तर आले की कारण नमूद करावे. मी नमूद केले: ‘रुग्णास पाहावयाचे आहे.’ उत्तर आले की हे वैद्यकीय कारण नव्हे. या एका वाक्याने मला जेवढा संताप आला तेवढा मला उभ्या वकिलीत कोणत्याही प्रतिवादीने आणला नव्हता. माणसाच्या शरीरातून कापून काढलेली वस्तू त्याला बघावीशी वाटणे हे कारण नव्हे, तर मग कारण म्हणजे काय? मी तुकड्याची मालकी आणि तुकड्याचा ताबा यांतला भेद दाखवून दिला. अभिरक्षक हा मालक नसतो, हे तीन परिच्छेदांत मांडले. प्रती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवल्या, बेंगळूरुला पाठवल्या, आणि कोणीच हलेना तेव्हा ग्राहक आयोगाची नोटीस तयार केली.

यांतली पुष्कळ पत्रे मी त्याच रुग्णालयात बसून लिहिली. पत्नीच्या पोटातले पाणी काढायला आम्हाला वरचेवर जावे लागे. तिला कुशीवर निजवीत, कमरेच्या वर एका बाजूला सुई घालीत, आणि तिला जोडलेल्या नळीतून ते पाणी पलंगाखालच्या बाटलीत उतरत राही. रंगाने ते गवती, थोडे गढूळ. बाटली भरली की सिस्टर ती मोजून मोरीत रिकामी करी आणि नळी-बाटली पिवळ्या पिशवीत टाकी. मी शेजारी स्टुलावर, मांडीवर पुठ्ठा घेऊन. एकदा पाणी उतरायचे थांबले. सिस्टरने सुई हलवून पाहिली, पत्नीला कूस बदलायला लावली, मग खाली वाकली आणि मला कन्नडमध्ये म्हणाली, वकीलसाहेब, तुमचा पाय नळीवर आहे. पत्नी भिंतीकडे तोंड करून हसली. मी पाय काढला आणि परिच्छेद पुरा केला.

नोटीस लागू पडली. रुग्णालयाने वडी दिली. एका छोट्या प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला मेणाचा चौकोन, आणि त्यात मसुराच्या डाळीएवढा करडा डाग. मी तो घरी आणून पत्नीच्या पलंगावर ठेवला, मुलीला फोन करून बोलावले, आणि खरे सांगायचे तर खटला जिंकल्यावर घरी यायचो तसा मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो.

मुलीने वडी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि परत ठेवली. ‘‘अप्पा, ही फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेली आहे. मेणात घालायच्या आधी भिजवतातच.’’

मी म्हणालो, मग?

‘‘विकर त्यात मरतं. ते कुठं होतं ते सांगता येईल. काय करत होतं, ते आता नाही दिसायचं.’’

मी तिला म्हणालो की मी पत्रे सुरू केली तेव्हाच हे तू मला सांगू शकली असतीस. ती म्हणाली की तुम्ही विचारले नाहीत, दुसऱ्या तपासणीसाठी मागताहात असे मला वाटले. आमचा आवाज चढला. पत्नीने दोन्ही हात वर केले, वर्ग गप्प करताना करायची तसे.

‘‘ते पाणी,’’ तिने मुलीला विचारले. ‘‘माझ्या पोटातून काढतात ते. त्यात असतं का गं?’’

मुलीने पदराशी चाळा करावा तसा ओढणीशी केला. ‘‘असतं,’’ ती म्हणाली. ‘‘भरपूर असतं, आणि जिवंत असतं. माझं सगळं काम त्याच पाण्यावर चाललंय, आई. त्याच वॉर्डातून येतं.’’

मग सगळे बाहेर आले. त्या रुग्णालयातल्या रुग्णांचे असे पाणी अभ्यासाला घेण्याची नैतिकता समितीची परवानगी तिच्या प्रयोगशाळेकडे केव्हाचीच होती. रुग्णाची सही तेवढी लागे. आईच्या आजूबाजूच्या पलंगांवरच्या बायकांच्या सह्या तिच्या सहकाऱ्यांनी घेतल्या होत्या. आईचे पाणी दर वेळी मोरीत जात होते आणि मुलगी ते बघत होती.

‘‘मग माझी सही का नाही घेतलीस?’’

‘‘तुझी बाटली मला प्रयोगशाळेच्या त्या फ्रीजमध्ये नको होती.’’

पत्नी माझ्याकडे वळली. ‘‘ऐकलंत का वकीलसाहेब? तुम्ही मेणासाठी बेंगळूरुपर्यंत पत्रं धाडलीत आणि खरा माल सिस्टर मोरीत ओतत होती. पाय तेवढा नळीवर ठेवून बसलात.’’ तिला हसू आवरेना, आणि हसताना पोट दुखते म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरून ठेवले. मुलगीही हसली. मला त्या दोघींचा राग आला आणि तो मी जाहीर केला. त्यावर त्या अधिकच हसल्या. आमच्या घरात असे हसणे झाले ते शेवटचे.

सही झाली. पुढच्या वेळी निघालेल्या पाण्यातले थोडेसे मुलीने नळीत भरून बर्फात घालून धारवाडला नेले. पत्नीच्या मनात प्रयोगशाळेत जाऊन बघायचे होते, पण आमच्या घराच्या पायऱ्याच तिला उतरवत नव्हत्या. तेव्हा मुलगीच त्या पाण्यावरच्या प्रयोगाची पाटी चपट्या डब्यात पाण्यात ठेवून बसमधून घरी घेऊन आली.

जिलेटिन मिसळलेल्या एका पातळ, लिबलिबीत पाटीवर ओळीने खाचा करून प्रत्येकीत एकेका रुग्णाचे पाणी घालतात आणि विजेच्या प्रवाहाने त्यातली प्रथिने खाली ओढतात. मग पाटी उबेला ठेवली की विकर जिथे थांबले असेल तिथले जिलेटिन ते खाऊन टाकते. शेवटी सगळी पाटी निळ्या रंगात बुडवतात. जिलेटिन उरले असेल तिथे रंग धरतो. खाल्ले गेले असेल तिथे कोरी रेघ राहते. मुलीने ती पाटी प्लास्टिकच्या दोन कागदांत धरून खिडकीसमोर आडवी केली. दौतीतल्या शाईसारखा निळा रंग, आणि त्यात काचेसारख्या स्वच्छ आडव्या रेघा.

पत्नीने चष्मा मागितला. ‘‘हे तर आपलं लाळेचंच की,’’ ती म्हणाली. नववीच्या मुलांना ती परीक्षानळीत थुंकायला लावी, त्यात पिठाचे पाणी घाली, आणि आयोडीन टाकून निळा रंग कसा येत नाही ते दाखवी. मुली लाजत, मुलगे गरजेपेक्षा जास्त थुंकत. लाळेतल्या विकराने पीठ खाल्ले म्हणून निळे नाही. तेवढेच हे, तिने मला समजावले. फक्त इथे खाल्ले जाते ते मांस बांधणारे सूत.

मग ती ओळीने बघत गेली. ‘‘ही माझी ना? डावीकडून चौथी.’’

मुलीने विचारले, ‘‘कशावरून?’’

‘‘तू सगळ्यांकडे बघतेस, हिच्याकडे बघत नाहीस.’’

ती तिचीच होती. त्या रांगेत दोन रेघा होत्या. वरची कुलूपबंद विकराची, कारण पाटीवर त्याचेही कुलूप ढिले होते, खालची कुलूप काढलेल्याची, आणि खालची रुंद होती. पत्नीने बोट कागदाला लागू न देता त्या रेघेवरून फिरवले. मी बाजूला उभा होतो. ज्या बेलिफाला गाठण्यासाठी मी इतके दिवस कागद काळे करत होतो तो माझ्या समोर होता आणि तो केवळ एक रिकामी जागा होता.

‘‘आणि निरोप कोण देतं?’’ तिने विचारले.

मुलगी म्हणाली की निरोप रोगट पेशी देतात, पण विकर बहुतेक करून त्या स्वतः बनवत नाहीत. शेजारच्या चांगल्या पेशींना त्या कामाला लावतात. हे पाणी निरोगी पेशींवर टाकले की त्या विकर ओतू लागतात, हे तिने अनेकदा पाहिले होते. ‘‘कापणाऱ्या तुझ्या चांगल्याच पेशी आहेत, आई.’’

माझा तोल गेला. मी म्हणालो, हुकूम बनावट आहे की खरा हे तपासण्याची जबाबदारी अंमल करणाऱ्यावर नाही? खोट्या शिक्क्याचा कागद घेऊन कोणीही येईल आणि या पेशी घर पाडत सुटतील?

‘‘ओरडू नका हो,’’ पत्नी म्हणाली. ‘‘त्यांना काय माहीत? त्यांना जखम भरायची सवय. निरोप आला की उठायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं.’’

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

मागे ती मुलीला सांगत होती की एकदा दिसले म्हणजे सिद्ध झाले नाही, तीनदा झाले पाहिजे. मुलगी म्हणाली, उरलेल्या पाण्यावर आणखी दोनदा करते. ‘‘त्यानं तुझा हात स्थिर आहे एवढंच कळेल,’’ पत्नी म्हणाली. ‘‘तीन वेळचं पाणी घे. बाकीच्यांचं काय करता?’’ मुलीने कबूल केले की अभ्यासाची अटच तशी आहे. ज्या रुग्णाचे तीन निरनिराळ्या वेळचे पाणी मिळते तिचीच गणना होते. ‘‘मग माझीही तशीच होऊ दे,’’ पत्नी म्हणाली.

दुसऱ्या वेळचे पाणी मिळाले. त्यानंतर तिची प्रकृती भराभर उतरली. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बराच वेळ पाहिले आणि मला बाहेर बोलावले. आतडी जागोजाग पोटाच्या भिंतीला चिकटली होती, रक्त गोठायचे प्रमाण बिघडले होते, सुई कुठे लागेल आणि लागली तर काय होईल याची हमी त्या देऊ शकत नव्हत्या. आराम पडावा म्हणून प्रयत्न करता येईल, पण पतीने जोखीम लेखी पत्करली तरच.

मी आत येऊन पत्नीला हे जसेच्या तसे सांगितले. तिच्यापासून आम्ही काही लपवत नव्हतो. तिचा आवाज तेव्हा अगदी बारीक झाला होता.

‘‘मग लिहून द्या की. जन्मभर लिहिलंत.’’

मुलगी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खिशात पेन होते, पुठ्ठाही जवळ होता. मी म्हणालो, नाही.

‘‘नमुन्याला थोडंच लागतं,’’ ती म्हणाली. ‘‘चमचाभर.’’

मी पुन्हा नाही म्हणालो. तिने माझ्याशी वाद घातला नाही. ‘‘बरं,’’ म्हणाली आणि डोळे मिटले. त्या सुईने ती गेली असती की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. त्याच आठवड्यात ती सुईवाचूनच गेली, दुपारी, मुलगी तिच्या ओठांना पाणी लावत असताना. मी नाही का म्हणालो हे मला नंतर कोणी विचारले नाही, पण मी स्वतःला अनेकदा विचारले आहे, आणि आजही तो कागद कोणी समोर ठेवला तर मी त्यावर सही करणार नाही.

दिवस झाले. भेटायला येणाऱ्यांनी ती ‘सुटली’ असे मला ऐकवले, आणि त्यांतल्या दोघांना मी दारातूनच परत पाठवले. मुलगी पुन्हा धारवाडला जाऊ लागली. एके संध्याकाळी ती आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली की शोधनिबंध तयार होतोय, आणि आईला त्यातून वगळावे लागणार. पाणी दोनच वेळचे आहे.

मी तिला खाली बसायला सांगितले. दोन्ही वेळच्या रेघा जुळतात का? ती म्हणाली, जुळतात, दुसऱ्या वेळची अधिक रुंद आहे. मग दिवाणी बाबतीत एवढा पुरावा पुरे, मी म्हणालो. तिथे संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच बघतात. ती म्हणाली, हे कोर्ट नाही, आणि अट आधीपासून लिहिलेली आहे. मी म्हणालो, प्रत्येक अटीला अपवाद असतो. तिसऱ्या वेळचे पाणी न मिळण्याचे कारण सबळ आहे आणि ते सप्रमाण मांडता येते. समितीकडे अर्ज करू. मी आत्ता मसुदा करतो. मी चष्मा शोधू लागलो.

‘‘अप्पा,’’ ती म्हणाली, ‘‘आईनं चालवून घेतलं असतं?’’

मी चष्मा शोधायचा थांबलो. बाहेर कोणीतरी कन्नडमध्ये भाजीवाल्याशी घासाघीस करत होते. मी माझ्या परीने दुसरी बाजू मांडून पाहिली, मनातल्या मनात, पूर्ण तयारीनिशी, आणि ती टिकली नाही.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘वगळ तिला.’’

मुलगी लगेच आत गेली नाही. मी मत बदलेन या आशेने ती बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली.